देव 'ऐकतो' म्हणजे नेमकं काय करतो?

पुनरुत्थानाच्या सणानंतर दरवर्षी आलेल्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो. या वर्षी तो पाच वाचकांनी पाच बाजूंनी विचारला आहे, म्हणून या महिन्याचं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : पवित्र गुरुवारी रात्री आमच्या चर्चमध्ये जागरणाला बसले होते. गेथशेमाने बागेतला उतारा वाचला गेला. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असं येशूने पित्याकडे मागितलं. प्याला काही दूर झाला नाही, दुसऱ्या दिवशी तो क्रुसावर गेला. घरी येताना रिक्षात मनात आलं : प्रत्यक्ष पुत्राची प्रार्थना देवाने ऐकली नाही, तर माझ्या गुडघेदुखीची आणि मुलाच्या नोकरीची तो कशाला ऐकेल? फादरांना विचारायचा धीर झाला नाही, म्हणून तुम्हाला विचारते. (वसई)

उत्तर : ताई, फादरांना खुशाल विचारायचं होतं. हा प्रश्न त्यांनीही कधीतरी स्वतःला विचारलेला असणार.

तुमच्या पत्रातल्या एका क्रियापदापाशी मी थांबलो : 'ऐकली नाही'. आपण म्हणतो, 'पोरगं अजिबात ऐकत नाही.' पण असं म्हणून त्याला कानाच्या डॉक्टरकडे कुणी नेत नाही. त्याला ऐकू चांगलं येतं, सांगितलं ते तो करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत 'ऐकणं' हा शब्द दोन कामं करतो : कानी घेणं आणि सांगितल्यासारखं करणं. येशूच्या लोकांच्या हिब्रूतही 'शमा' या धातूला हेच दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे 'देवाने ऐकलं नाही' असं आपण म्हणतो तेव्हा कोणत्या अर्थाने म्हणतो, हे आधी स्वतःशी ठरवायला हवं.

याचं कारण असं, की नव्या करारात या प्रार्थनेबद्दल एक चक्रावून टाकणारं विधान आहे. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात लेखक सांगतो, की मरणातून सोडवायला जो समर्थ आहे त्याच्यापुढे येशूने मोठ्याने आक्रोश करून आणि आसवं गाळून विनवण्या केल्या, आणि त्या ऐकल्या गेल्या. हे लिहिणाऱ्याला क्रूस ठाऊक होता, त्याचं सगळं पत्रच क्रुसाभोवती फिरतं. तरीही तो 'ऐकल्या गेल्या' म्हणतो. आपल्याला जिथे नकार दिसतो तिथे त्याला काय दिसलं असेल? त्यासाठी बागेतच परत जावं लागेल.

वल्हांडण सण पौर्णिमेच्या सुमाराला येतो, तेव्हा रात्र चांदण्याची असणार. जेवण आटोपून येशू शिष्यांबरोबर किद्रोन ओहोळ ओलांडून जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी आला. 'गेथशेमाने' या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. जैतुनाची फळं जिथे दाबून पिळत, त्या जागेच्या नावाने ती बाग ओळखली जाई. पुढे त्या रात्री तिथे काय पिळलं गेलं ते पाहता नावात आणखी अर्थ भरायची गरज नाही.

बागेत शिरल्यावर तो पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना जरा पुढे घेऊन गेला. हे तिघे कोण होते ते लक्षात घ्या. याकोब आणि योहान या भावांनी काही दिवसांपूर्वीच त्याच्या वैभवात उजवी-डावी जागा मागितली होती. मी पिणार आहे तो प्याला तुम्हाला पिता येईल का, असं त्याने विचारल्यावर दोघांनी झटकन होकार दिला होता. पेत्राने तर त्याच रात्री बरोबर मरायची शपथ घेतली होती. प्याला प्यायला तयार असलेले हे तिघेही आता झोपी गेले. ज्याला तो प्यायचा होता तो मात्र जागा होता आणि नको म्हणत होता. पुढे प्यायला तो त्यानेच.

मत्तयाने या प्रार्थना नीट नोंदवल्या आहेत. तीन वेळा प्रार्थना झाली. पहिल्या खेपेला तो म्हणतो, की शक्य असेल तर हा प्याला टळून जावो. दुसऱ्या खेपेला शब्द बदलतात : प्यायल्याशिवाय हा टळणार नसेल, तर तुझ्या मनासारखं होवो. तिसऱ्या खेपेला तो पुन्हा तेच बोलतो. पहिल्या आणि दुसऱ्या प्रार्थनेच्या मधल्या जागेत काय घडलं हे मत्तय सांगत नाही. येशू उठून मित्रांकडे गेला, ते झोपलेले दिसले, आणि तो परत आला, असं तो लिहितो. पण मागणं हललेलं आहे. पहिल्या वाक्यात पर्याय शोधणारा माणूस दुसऱ्या वाक्यात पर्याय नाही हे गृहीत धरून बोलतो. बाहेर काहीच बदललेलं नव्हतं, आणि वैऱ्यांच्या मशाली तर वाटेवर असणार.

लूकने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. काही जुन्या हस्तलिखितांत या दोन ओव्या नाहीत आणि अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही, पण मंडळीने शतकानुशतकं त्या वाचल्या आहेत. स्वर्गातून एक देवदूत येऊन त्याला शक्ती देतो. तिथला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी देवदूत येतो, आणि *त्यानंतर* येशू अधिकच कळकळीने प्रार्थना करू लागतो, घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडू लागतो. मदत आली की यातना थांबते असं आपण धरून चालतो. इथे मदत आल्यावर झुंज वाढली आहे. थकलेल्या पैलवानाला घोटभर पाणी पाजतात ते घरी पाठवायला नव्हे, पुढच्या कुस्तीसाठी.

आणि मग तो उठतो. शिष्यांना उठवतो आणि धरायला आलेल्यांच्या समोर स्वतः चालत जातो. झोप काढलेला पेत्र गांगरून तलवार उपसतो, महायाजकाच्या दासाचा कान छाटतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू त्याला तलवार म्यान करायला सांगतो आणि विचारतो, पित्याने दिलेला प्याला मी पिऊ नये की काय? दूर कर म्हणून ज्याची विनवणी चालली होती, तोच प्याला आता 'पित्याने दिलेला' झाला आहे.

म्हणून माझं उत्तर असं आहे : प्रार्थना मान्य झाली नाही, पण ऐकली गेली. 'मरणातून सोडवणं' याचा अर्थ इब्री लोकांस लिहिणाऱ्याने मरण चुकवणं असा घेतला नाही. मरणात शिरून तिसऱ्या दिवशी पलीकडे बाहेर काढणं, हा ख्रिस्ती श्रद्धेने घेतलेला अर्थ आहे. ज्याला तो पटत नाही त्यालाही निदान हे दिसेल, की बागेत शिरलेला माणूस आणि बागेतून निघालेला माणूस यांत फरक आहे, आणि तो फरक त्या तासाभराच्या मागण्याने पडला आहे.

तुमच्या गुडघेदुखीकडे शेवटी येतो.

प्रश्न : शेवटी देवाच्या मनात असेल तेच व्हायचं असेल तर मागायचंच कशाला? नुसतं 'तुझी इच्छा' म्हणून मोकळं व्हावं, ते जास्त विश्वासाचं नाही का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अहिल्यानगर)

उत्तर : आपल्याकडे पाहुण्याची एक रीत आहे. 'चहा टाकू का?' म्हटलं की तो तीनदा 'नको' म्हणतो. चौथ्यांदा कप येतो तो मुकाट्याने पितो, आणि आला नाही तर घरी जाऊन बोलून दाखवतो. देवापुढेही आपण हाच पाहुणचार चालवतो. मागायचं नाही, 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणायचं, आणि मनासारखं झालं नाही की आतल्या आत रुसून बसायचं. त्याला आपण शरणागती म्हणतो, पण पुष्कळदा ती नुसती भिडस्त तक्रार असते.

गेथशेमानेत बरोबर याच्या उलट घडलं. तिथे तीनदा मागितलं गेलं.

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थनाही पाहा. देवाची इच्छा पूर्ण होण्याची विनंती आधी येते, आणि लगेच पुढच्या वाक्यात रोजची भाकर मागितलेली आहे. मागणं ही देवाच्या इच्छेवर कुरघोडी असती, तर भाकरीला तिथे जागा मिळाली नसती. पौलानेही शरीरातल्या 'काट्या'साठी तीनदा विनवणी केली, हे तो करिंथकरांस दुसऱ्या पत्रात स्वतः सांगतो. काटा म्हणजे नेमकं काय यावर अजून वाद आहे. तो काढला गेला नाही. कृपा तुला पुरेशी आहे, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. मग पौलाने चौथ्यांदा मागितलं नाही. केव्हा मागायचं आणि केव्हा थांबायचं, हे त्याला मागितल्यामुळेच कळलं.

पण मागणं आणि स्वीकारणं यांचं नातं सगळ्यात उघडपणे दिसतं ते दावीद राजाच्या एका गोष्टीत. ती शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. गोष्ट सोपी नाही. उरियाच्या बायकोला दावीदाने आपल्या घरात घेतलं होतं आणि उरियाला लढाईत मारवलं होतं. त्यानंतर जन्मलेलं बाळ आजारी पडतं. बापाच्या पापाचं ओझं लेकरावर का, हा प्रश्न वाचणाऱ्याला टोचतो, आणि टोचायलाच हवा. पण आज मी फक्त त्या बापाकडे पाहतो. दावीद उपास धरतो आणि रात्रभर जमिनीवर पडून राहतो. घरातली वडीलधारी माणसं उठवायला येतात, तो उठत नाही, खातही नाही. सातव्या दिवशी बाळ जातं. सेवकांना वाटतं, जिवंत असताना ही गत, आता सांगितलं तर हा स्वतःचं काहीतरी बरंवाईट करून घेईल. त्यांची कुजबुज ऐकून दावीदाला सगळं समजतं. मग तो उठतो, आंघोळ करतो, तेल लावतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या घरी जाऊन वंदन करतो, आणि घरी येऊन जेवायला मागतो.

सेवक थक्क होतात. दावीद म्हणतो त्याचा आशय असा : लेकरू जिवंत होतं तोवर वाटत होतं, कोण जाणे, देव दया करील. आता उपास कशाला? मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही.

त्या सात दिवसांत दावीद एकदाही 'तुझी इच्छा' म्हणून मोकळा झाला नाही. म्हणूनच बाळ गेल्यावर तो जेवू शकला. अंगात बळ होतं तोवर त्याने मागून घेतलं होतं, त्यामुळे 'तेव्हा मागायला हवं होतं' अशी रुखरुख मागे उरली नाही.

तेव्हा मित्रा, परीक्षेत पास होण्यासाठी बिनधास्त प्रार्थना कर. अभ्यास आपल्याकडे लागला.

प्रश्न : लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा दारू पितो, हात उगारतो. सासू म्हणते, ख्रिस्ताने क्रूस वाहिला, तू एवढं सोसू शकत नाहीस? मंडळीतल्या एका जबाबदार माणसानेही 'प्रीती सगळं सहन करते' म्हणून परत पाठवलं. स्वार्थत्यागाची प्रीती ती हीच का? (नाव देऊ नये)

उत्तर : नाही, ताई. आणि हे उत्तर मी कुठल्याही 'पण'शिवाय देतो.

योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या मरणाबद्दल बोलतो, तेव्हा एक गोष्ट ठासून सांगतो : माझा जीव कुणी माझ्यापासून हिरावून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. ज्याला 'नको' म्हणता येतं त्याच्याच 'हो'ला त्यागाचं मोल असतं. तुमच्या घरात तुमच्या 'नको'ला जागाच ठेवलेली नाही.

ख्रिस्ती लोक त्यागाचं उदाहरण म्हणून ज्यांचं नाव नेहमी घेतात त्या फादर मॅक्सिमिलियन कोल्बे यांची गोष्ट बारकाईने पाहू. ते पोलंडचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू. १९४१ साली ते आउशवित्झच्या नाझी छळछावणीत कैदी होते. जुलैच्या शेवटी त्यांच्या गटातला एक कैदी नाहीसा झाला. एक पळाला तर दहांनी मरायचं, असा तिथला नियम. एका अधिकाऱ्याने रांगेतून फिरत उपासमारीने मारण्यासाठी दहा माणसं निवडली. त्यांतला एक, फ्रान्सिशेक गायोव्निचेक, आपल्या बायकोचं आणि मुलांचं काय होणार म्हणून ओरडला. तेव्हा कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्याच्या जागी मला घ्या म्हणाले. अकरा नंबरच्या इमारतीच्या तळघरात त्या दहांना अन्नपाण्याविना कोंडलं. कोल्बे बाकीच्यांबरोबर प्रार्थना करत राहिले. दोन आठवड्यांनंतरही ते जिवंत होते, म्हणून १४ ऑगस्टला कार्बोलिक ॲसिडचं इंजेक्शन देऊन त्यांना मारलं. वय ४७.

आता हे पाहा. त्या कोठडीत दहा माणसांचे प्राण गेले. बाकीच्या नऊ जणांनी 'त्याग' केला असं कुणी म्हणत नाही. त्यांचा खून झाला. कोल्बेंचाही खूनच झाला, आणि ज्याने ती दहा माणसं निवडली त्याला कुणी प्रीतीचा शिक्षक म्हणत नाही. कोल्बेंच्या मरणाला त्याग म्हणता येतं ते केवळ एका पावलामुळे. ते रांगेत उभे राहू शकले असते, आणि पुढे आले. ते पाऊल त्यांचं स्वतःचं होतं. तुम्हाला 'सोस' म्हणणारी माणसं तुमच्या वतीने ते पाऊल टाकायला निघाली आहेत. तो अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरातलंच एक उदाहरण देतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. एका सनातनी घरातल्या माणसाने जात, नातीगोती, मानमरातब सोडले, ते सत्यासाठी सोडले, आणि तो मोठा त्याग होता. पण त्या त्यागाचं बिल त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या नावावर निघालं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नवरा जिवंत असून त्याच्यापासून वेगळं राहण्याची वर्षं त्यांनी काढली. पुढे त्या आपल्या पायांनी परत आल्या, आपल्या मनाने विचार करून १९०० साली ख्रिस्ती झाल्या, आणि उतारवयात 'स्मृतिचित्रे'त हे सगळं त्यांनी हसतहसत, नवऱ्याचे दोष न झाकता, लिहून ठेवलं. टिळकांवर त्यांचं प्रेम होतं हे त्यातल्या पानापानावर दिसतं. पण सोसलेलं गोड करून सांगायची गरज त्यांना वाटली नाही. त्यागाची प्रवचनं देणाऱ्या प्रत्येकाने आधी ते पुस्तक वाचावं आणि आपल्या त्यागाचं बिल घरात कोण भरतंय ते बघावं.

तुमच्यासाठी करण्याच्या गोष्टी : मारहाणीची तारीख-वार नोंद ठेवा, सरकारी दवाखान्यात तपासून कागद घ्या, विश्वासातल्या एका माणसाला सगळं सांगा. महिला हेल्पलाईनचा क्रमांक १८१ आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तुम्हाला संरक्षण मागण्याचा आणि त्याच घरात राहण्याचाही हक्क देतो. नवऱ्यासाठी प्रार्थना करायची असेल तर ती सुरक्षित जागी बसूनही करता येते. देव काही अंतर मोजत नाही.

प्रश्न : 'देवाची इच्छा' आणि 'प्रारब्ध' यांत फरक तो काय? आमच्या नात्यात एकाने औषध बंद करून फक्त प्रार्थना धरली आहे. डॉक्टरकडे जाणं अविश्वास आहे, असं त्यांचं म्हणणं. (सोलापूर)

उत्तर : नातेवाइकांना आधी गोळ्या सुरू करायला लावा, मग ही चर्चा करा. पौल कलस्सैकरांस लिहिताना लूकचा उल्लेख आपला आवडता वैद्य असा करतो. म्हणजे ज्याने शुभवर्तमान लिहिलं असं मंडळी मानते तो माणूसच डॉक्टर होता. कॅथलिक बायबलमध्ये सिराखच्या पुस्तकाचा ३८वा अध्याय आहे. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, कारण त्यालाही देवानेच निर्माण केलं, असं तिथे सांगितलं आहे. दोन्ही एका दमात.

फरकाबद्दल म्हणाल तर मला पंडिता रमाबाई आठवतात. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण भुकेने खंगून गेले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. १८९७ च्या सुमाराला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा भुकेने माणसं मरतात ही देवाची इच्छा आहे असं म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार बायका-मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला विहिरी, शेती, शाळा, छापखाना असं 'मुक्ती' हे आश्रयस्थान उभं राहिलं. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. भुकेला त्यांनी शत्रूच मानलं, कारण ती दूर करता येत होती.

मग १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. आईचं काम तीच पुढे चालवणार, असं सगळे धरून चालले होते. इथे रमाबाईंच्या हातात काही उरलं नव्हतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून सुरू केलेलं मराठी बायबलचं भाषांतर समोर होतं, ते काम त्या करत राहिल्या. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, त्याही गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल छापून निघालं ते त्यांच्या पश्चात, १९२४ साली.

एकाच बाईने एका मरणाशी झगडा केला आणि दुसरं स्वीकारलं. प्रारब्ध मानणारा माणूस दोन्हींपुढे सारखाच हात टेकतो. देवाची इच्छा शोधणाऱ्याला आधी विचारावं लागतं, की यात माझ्या हातून काय व्हायला हवं आहे? त्या प्रश्नाचं उत्तर करून झालं, की उरेल ते स्वीकारायचं. मघाशी 'ऐकणं' या शब्दाचे दोन अर्थ सांगितले. इथे तोच शब्द आपल्याकडे वळतो. देव आपलं ऐकतो का, हे विचारून झाल्यावर आपण त्याचं ऐकतो का, हे विचारायची पाळी येते, आणि तिथेही कानी घेणं आणि करणं ही दोन्ही कामं एकाच शब्दात आहेत.

प्रश्न : शेजारच्या घरात तरुण मुलगा अपघातात गेला. भेटायला जायचं आहे. काय बोलावं? 'देवाची इच्छा होती' म्हणावं का? (नाशिक)

उत्तर : म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. तरुण होतो, मंडळीत नवा नवा काम करत होतो आणि सांत्वनाला रिकाम्या शब्दांनी जाऊ नये असं वाटे. मूल गेलेल्या एका बाईंना मी तेच वाक्य म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, ''असं? मग प्रार्थनेत त्याला सांगा, मला त्याची इच्छा आवडली नाही.'' तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, त्या दिवशी त्या घरात खरी प्रार्थना तेवढीच झाली, आणि ती माझी नव्हती.

'तुझ्या मनासारखं होवो' हे वाक्य ज्याच्या हातात प्याला आहे त्याने बोलायचं असतं. शेजाऱ्याने त्याच्या वतीने बोलायचं नसतं. ईयोबाचे मित्र ओल्या-कोरड्या शहाणपणासाठी बदनाम आहेत, पण सुरुवातीला ते चुकले नव्हते. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. बोलायला लागले तिथून बिघडलं, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. तक्रार करणाऱ्या ईयोबाला नव्हे. लाजरच्या कबरेपाशी येशूलाही पुढे काय होणार ते ठाऊक होतं असं योहान सूचित करतो. तरीही तो आधी रडला.

तेव्हा जा, बसा. डबा घेऊन जा, घरात पहिले काही दिवस चूल पेटत नाही. मुलाचं नाव घेऊन त्याच्याबद्दल ते बोलू लागले तर ऐका. आणि महिन्याने परत जा, कारण तोवर बाकीचे यायचे थांबलेले असतात.

कोल्बेंच्या गोष्टीचा पुढचा भाग याच ठिकाणी सांगायला हवा. गायोव्निचेक छावणीतून जिवंत सुटले. पण ज्या मुलांसाठी ते ओरडले होते ती दोन्ही मुलं १९४५ साली, युद्ध संपता संपता, बाँबवर्षावात गेली होती. बायको भेटली. १९८२ साली रोममध्ये कोल्बेंना संत म्हणून घोषित केलं तेव्हा ते तिथे हजर होते. १९९५ साली, नव्वदी ओलांडून, ते वारले. मुलांसाठी वाचलेल्या माणसाला मुलंच उरली नाहीत. हे का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कुणी घाईने दिलं तर मी ते घेणार नाही. एवढं मात्र नोंदलेलं आहे, की उरलेली पन्नासएक वर्षं ते कोल्बेंची गोष्ट लोकांना सांगत हिंडले. आपल्यासाठी कुणी काय केलं हे सांगणं, एवढं काम त्यांच्या वाट्याला आलं आणि त्यांनी ते शेवटपर्यंत केलं.

आता वसईच्या ताई. तुमचा गुडघा राहिलाच. मुलाच्या नोकरीचं मागा, नाव घेऊन मागा, तीनदा मागा. गुडघ्यांचंही मागा, आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवून या. पुढच्या पवित्र गुरुवारच्या जागरणाला खुर्चीवर बसलात तरी चालेल. लूक म्हणतो त्या रात्री तो गुडघे टेकून प्रार्थना करत होता, मत्तय म्हणतो पालथा पडला होता. दोघांनाही सांगायचं होतं ते एवढंच, की तो जागा होता.